पाच फाऊलची मानकरीण

२ ऑगस्ट
आजपासून रोज थोडं थोडं सांगायचं ठरवलं. सून साधना लिहून घेते. वाचणार कोणी न्हाई. मला तर अक्षर येतच न्हाई. गुपित बराबर राहील.
नात राजनंदिनी, आमची नंदी, हिंगोलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली अन् बास्केटबॉलच्या टीममधी लागली. शिरड शहापुरात मेंढरं राखणारी पोरगी! सरांनी विचारलं, आधी काय खेळलीस? ही म्हणे, मेंढ्याची शिंगं धरायचे. सर हसले. हसा म्हणावं. टाच रोव, खांदा खाली घे, डोळे मिटू नको. हे सारं मीच शिकवलंय.

२१ ऑगस्ट
पहिली मॅच. मी गेले. समोरची एक लांबोडी पोरगी अंगावर आली. नंदीनं खांदा घातला. लांबोडी थेट खांबापाशी, नाकातून रक्त. शिट्टी वाजली. पंचानं बोट वर केलं. मी बाजूच्या पोरीला विचारलं, हे काय वो? म्हणे, आजी, तिला फाऊल भेटला.
भेटला म्हणजे बक्षीसच की!
पाच भेटल्यावर नंदीला मानानं खुर्चीवर बसवलं. बाकीच्या उन्हात पळूनच राहिल्या व्हत्या. येताना पेढे आणले, गल्लीत वाटले.

५ सप्टेंबर
शेजारची पारुबाई म्हणे, फाऊल म्हणजे चूक. जळते. तिच्या घरात कोणाला एक बी भेटला न्हाई.
निश्चय: कोणाशी भांडायचं न्हाई.
संध्याकाळी तिच्या बोकडाला काठी मारली. पारुबाई मधी आली. तिची चूक.

१९ ऑक्टोबर
नंदीनं कोपर मारलं, एकीचा दात पडला. नंदीच्या ओठाला टाके. फाऊल पाच! पोरगी रडत घरी आली. म्हणलं, काहून रडते, आनंदानं?
सर म्हणाले म्हणे, आता पुन्हा पाच झाले तर टीममधून काढीन. हात आवर. फायनल जिंकली तरच विद्यापीठाच्या टीममधी नाव लागंल.
सरांचं बी खरं हाय. एकटीनंच सगळे फाऊल न्यावे का? बाकीच्या लेकरांना बी आईबाप हायेत.

२ डिसेंबर
नंदी हात मागं बांधून सराव करून राहिली. नुसते पाय हलवते. म्हणे, आजी, मला विद्यापीठाच्या टीममधी जायचंय, एवढंच पायजे. तू फायनलला येऊ नको.
बरं म्हणलं. मी शब्दाची पक्की.

११ डिसेंबर
औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाले व्हते. एसटी पुढं हिंगोलीला चालली व्हती, उतरायचं राहून गेलं. आता आलेच म्हणून मैदानात गेले.
नंदीला एक बी फाऊल न्हाई! मला शेजारणीसमोर तोंड दाखवायची सोय न्हाई. वरून बॉल टाकत व्हती, लोकं टाळ्या वाजवत व्हते. आमची टीम एकानं पुढं, अन् मॅच संपत आलेली.
तेवढ्यात लाल कपड्यातल्या एकीनं नंदीच्या बरगडीत कोपर घातलं. नंदी आडवी. उठली अन् गुमान पंचाकडं बघत उभी राहिली. माझ्या घरची पोरगी, गुमान!
मी आत गेले. मारलं न्हाई कोणाला. काठी हवेतच फिरवली. लालवालीचा गुडघा तिथं आला. मग दुसरीचं डोकं आलं. आता डोकी अशी मधी आणायची असतात का?
शिट्टी. म्हणलं, मला बी भेटला! बोट वर करून सगळ्यांना दाखवलं.
माझा फाऊल आमच्या टीमच्या नावावर लिहिला अन् लालवालीला फुकटचे दोन बॉल टाकायला दिले. दोन्ही आत गेले. मॅच गेली.
लोकांनी मला धरून बाहेर नेलं. चौघं लागले. ताकद हाय अजून.

१२ डिसेंबर
विद्यापीठासाठी नावं वाचली. जिंकलेल्या टीमच्या पोरींचीच.
नंदी म्हणे, आजी, माझा एक बी फाऊल न्हवता. तुझा एकच पुरला.
अन् आत गेली. मी भाकरी घेऊन गेले. तिनं ताट घेतलं न्हाई. दमली असंल.
साधना म्हणते, आज बस करा, आत्याबाई. तिचं बी मनगट दुखत असंल.
नंदीनं दार आतून लावून घेतलंय. थंडी हाय ना, लावणारच.