लिओपार्डमधला ओ

४ डिसेंबर १९४७, गुरुवार

मेल्या दात काढतात! अख्ख्या वर्गानं दात काढले. इंग्रजी शिकवायला नव्या बाई आल्यात, हैदराबादच्या. त्यांनी मला उभं केलं. पुस्तकात बिबट्याचं चित्र, खाली नाव. मला येत होतं! ठणकावून वाचलं — लिओपार्ड.

बाईंनी चष्मा काढला. "फिर से बोलो." बोलले. "फिर से." पुन्हा बोलले. तवर पहिल्या बाकावर खी खी सुरू. मग म्हणाल्या, लेपर्ड. त्यातला ओ म्हणायचाच न्हाई. वर विचारतात, "किसने पढ़ाया तुमको?"

अप्पांचं नाव तोंडावर आलं होतं. गिळलं.

म्हणायचा न्हाई तर लिहायचा कशाला!

५ डिसेंबर

जुम्म्याची सुट्टी. तरी कस्तुरा गल्लीतनं हाक मारून गेली — "ए लिओपार्ड!" मामी हसली. मामीला इंग्रजीतलं ओ की ठो कळत न्हाई!

८ डिसेंबर

आता सगळ्याच म्हणतात. पाणी प्यायला गेले तरी मागनं गुरगुरतात.

खरा राग अप्पांचा येतो. त्यांनीच शिकवलं, नळदुर्गाला, आमच्या दुकानात, गुळाच्या ढेपींना टेकून. सोलापूरच्या बाजारातनं पुस्तक आणलं, आपले आपणच शिकले, मग मला. एकेका अक्षरावर बोट ठेवून. "शिवू, लिहिलेलं अक्षर सोडायचं न्हाई. त्यानं काय पाप केलंय?" अव्वाशी भांडून मला इथं धाराशिवला मामांकडं ठेवलं, शाळेसाठी.

आणखी किती शब्द चुकीचे शिकवलेत कुणाला ठावं! तोंड उघडायचं भ्या वाटतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अप्पा आले. धपाटे आणले, शेंगाची चटणी आणली. चार दिस राहतो म्हणाले. मामा म्हणाले, "राहाच दाजी. रस्ता बरा न्हाय. तुळजापूरच्या वाटेवर बंदूकवाले गाड्या आडवून माणसं उतरवून न्यायलेत."

जेवणं चालली होती तवर शेजारचे आण्णासाहेब वकील आले. अप्पांना चेव आला. "आमची शिवू इंग्रजी वाचते, वकीलसाहेब! शिवू, बिबट्याला काय म्हणायचं? सांग की, लि—"

"लेपर्ड!" मी ओरडलेच. "लेपर्ड म्हणतात, अप्पा! तुम्ही चुकीचं शिकवलं! सगळी शाळा मला हसती. येत न्हाई तर शिकवायचं कशाला?"

आण्णासाहेब हसले. "पोरीचं बरोबर आहे, माणिकप्पा. ओ म्हणायचा नसतो."

अप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "असं व्हय," म्हणाले. मग हळूच म्हणून बघितलं, "लेपर्ड." पहिलीतल्या पोरावानी.

हात धुतले. उजेड हाय तवर निघतो म्हणाले, दुकानाची आठवण झाली म्हणे. मामांनी लई आडवलं. न्हाईच थांबले. मला म्हणाले, "येतो बरं का." मी वर बघितलं न्हाई. दारापर्यंतबी गेले न्हाई. का जाऊ?

१५ डिसेंबर

अप्पांचा निरोप न्हाई. एरवी घरी पोचले की कुणाच्या तरी हाती सांगावा धाडतात. रुसलेत! हसं माझं झालं आणि रुसायचं ह्यांनी!

मामी म्हणते, बापाला असं चारचौघांत बोलतात का. मग बापानं चारचौघांत मला नाचवायचं का? ते कुणी विचारत न्हाई!

१८ डिसेंबर

आज अख्खा धडा वाचला. एकबी चूक न्हाई. बाई "शाबाश" म्हणाल्या. कस्तुराचं तोंड बघण्यासारखं झालं.

अप्पांना कळवणार न्हाई. आधी त्यांनी निरोप धाडावा. मोठ्या माणसानं एवढं रुसून बसायचं असतं का!

२० डिसेंबर

रामकिसन गाडीवान नळदुर्गाहून आला. आडवाटेनं आला. अव्वानं अप्पांना निरोप धाडलाय — "लेकीचे लाड पुरे झाले. दुकान किती दिस बंद ठेवायचं? आता घरी या."

मामा वहाणा न घालताच बाहेर पळाले.