कोकिळेचा घसा बसला

३ मार्च, सोमवार
कोकिळेचा घसा बसला! वरच्या मजल्यावर सकाळपासून चिडीचूप. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर गाण्याच्या शिकवण्या घेते, माझ्या निम्म्या विद्यार्थिनी पळवल्या, आणि वर त्यांच्या आयांना सांगते, "खालच्या बाईंचा सूर लागत नाही हो!" आता बोल म्हणावं! मी दार सताड उघडं टाकून गायले. मग मस्त चहा केला.

४ मार्च
तिच्या दोन विद्यार्थिनी माझ्याकडे आल्या. तोंड पाडून म्हटलं, "अरेरे, फार वाईट झालं." आतल्या खोलीत हे खोकले. ह्यांना सगळं कळतं.

६ मार्च
ह्यांनी मुद्दाम प्रवचनाला नेलं. विषय काय, तर शत्रूच्या दुःखात आनंद मानू नये! मी आपली चपलांकडे बघत बसले. पण प्रवचनकार पुढे जे बोलले त्यानं कान टवकारले. म्हणे, आपण असं हसलेलं देवाला खपत नाही. मग तो त्या शत्रूवरचं संकटच काढून घेतो.

अगं बाई! म्हणजे माझं गाणं, माझा चहा — सगळं तिच्याच पथ्यावर!

आजपासून आनंद बंद. तिचा घसा बसलेला राहायला हवा, तर मला गंभीर राहणं भाग आहे.

९ मार्च
गंभीर राहणं म्हणजे काय शिक्षा आहे! दारात कोकिळा भाजीवाल्याशी हातवारे करत होती. तिनं दोन बोटं नाचवली — भाव कमी कर म्हणून. त्यानं दोन किलो कांदे ओतले! मी ओठ घट्ट चावून घरात पळाले. हे म्हणाले, "पोटात दुखतंय का?"

१३ मार्च
तिच्या घशात गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन. आवाज परत येईलच असं डॉक्टर सांगत नाहीत. ह्यांनी हे सांगितलं तेव्हा मी गंभीरच होते. त्यासाठी काही करावं लागलं नाही.

१५ मार्च
जिन्यात समोरासमोर आलो. सवयीनं मला काहीतरी लागट बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. गळ्यावर हात ठेवून तिनं मान फिरवली. मला इतकं वाईट वाटलं! मेली गाते मात्र छान. हे कधी कुणाला सांगितलं नाही, इथेही आजवर लिहिलं नव्हतं.

हे म्हणाले, "मग प्रार्थना कर." ती तर सगळेच करतात. प्रवचनकारांनी खात्रीचा उपाय सांगितलाय.

१६ मार्च, रविवार
भरदुपारी जिन्यात उभी राहून हसले. खो खो, टाळ्या पिटून! हे धावत आले — "अगं, लाज आहे का? उद्या ऑपरेशन आहे तिचं!" वरचं दार उघडलं. कोकिळा कठड्याशी उभी, डोळे भरलेले. काय वाटायचं ते वाटू दे तिला. मी थांबले नाही.

देवा, बघतोयस ना? हसतेय मी. काढ आता तिच्यावरचं.