लिंबोणी, मामा आणि दीडशहाणा

३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण फोन आता माझा राहिलेला नाही. मागच्या खेपेला तू त्यात बागकामाचा जो कृत्रिम बुद्धीचा सल्लागार बसवून गेलीस, त्याच्याशी माझं दिवसभर भांडण चालू असतं. मी त्याचं नाव दीडशहाणा ठेवलं आहे. मामी म्हणते, घरात एक होता तो पुरेसा नव्हता का.

गॅलरीत आता अकरा झाडं झाली, सगळी रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या डब्यांत. दुकानातून निवृत्त होताना मालकांनी काय हवं ते मागा म्हटलं, तेव्हा मी डबे मागितले होते. टोमॅटो, मिरच्या, पुदिना, दोन गुलाब वगैरे मंडळी आहेत, आणि कोपऱ्यात मानाच्या जागी लिंबोणी.

दीडशहाण्याला काहीही विचारलं की तो आधी म्हणतो, तुमचा प्रश्न फार चांगला आहे. अगं, मीही चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तुमची निवड फार छान आहे म्हणत आलो. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला यायचं म्हणजे त्याने कमालच केली.

खरी तक्रार पुढे आहे. लिंबोणीची पानं पिवळी पडली आहेत. फोटो काढून दाखवला, तर हा म्हणतो, पानं हिरवीगार दिसतात, झाड निरोगी आहे, अभिनंदन. अभिनंदन! ते दुकान माझ्या डोळ्यांवर चाललं. गिऱ्हाईक नुसतं म्हणायचं की दवाखान्याच्या दारासारखा रंग हवा, आणि मी रंगांच्या कार्डाकडे न बघता कालवून द्यायचो. आता हा कालचा आलेला मला हिरवं-पिवळं शिकवणार. तू त्याला आणलंस, तूच त्याचे कान उपट.

तुझ्या कवळ्यांचं काय चाललं आहे? लोकांना दात देता देता स्वतः वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा मामा

•

११ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कामाच्या टेबलावर वाचलं आणि इतकी हसले की हातातली कवळी खाली पडली. सुदैवाने अजून कोणाच्या तोंडात नव्हती. आमच्या कवळीशाळेत सध्या एका निवृत्त गायिकेच्या दातांचं काम आहे. तिला दात शुभ्र हवे आहेत आणि ते खोटे वाटायलाही नकोत. सोळा छटांचे नमुने तिच्या ओठांशी धरून बघितले. सुट्टीत तुझ्या दुकानात उलट्या डब्यावर बसून शिकले ते सगळं इथे उपयोगी पडतं. पांढरा हा एक रंग नसतो, तो निदान वीस असतो, हे तुझंच वाक्य मी नव्या मुलींना सुनावते आणि भाव खाते.

दीडशहाण्यावर इतका डाफरू नकोस. त्याला फोटोत दिसतं तेवढंच कळतं, आणि फोटो फसवतात. त्याला शब्दांत सांगून बघ. पाणी किती घालतोस, ऊन किती वेळ येतं, पानं कशी दिसतात, सगळं सांग. नाहीतर एखादं पान मला पाकिटातून पाठव, मी न्यायाधीश होते.

एक सांगू का, तुझं अक्षर हल्ली फार टपोरं झालंय. एका पानावर सहा ओळी! कागदाचं दुकान काढलंस की काय? मामीला नमस्कार. तुम्हा दोघांचा लोभ आहे म्हणून इथे कामाचा कंटाळा येत नाही.

तुझी,
मुंगी

•

२० फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा सल्ला मानला आणि गाडी रुळावर आली. फोटो दाखवलाच नाही. पानं पिवळी आहेत, जुनी आणि नवी दोन्ही, असं लिहून टाकलं. त्याबरोबर दीडशहाणा अगदी सुतासारखा सरळ झाला. म्हणाला, मातीत नत्र किंवा लोह कमी पडत असेल, खत जपून द्या, थोडं देऊन दोन आठवडे थांबा. बघ! शब्दांत माझं ऐकतो, फोटोत ऐकत नाही.

जपून वगैरे मी काही केलं नाही. आजाऱ्याला घास घास भरवायचा नसतो. लिंबोणीला आठवड्यात तीनदा खत घातलं, आणि बाकीचीही मला फिकट वाटली म्हणून त्यांनाही घातलं. पण पिवळेपणा जात नाही तो नाहीच. उलट आता लिंबोणीच्या पानांच्या कडा करपल्या आहेत आणि रोज सकाळी चार-पाच पानं खाली पडलेली असतात. सोबत एक पान पाठवत आहे, नीट बघ आणि निकाल दे.

तसं हल्ली सगळंच पिवळट निघतं. नवीन दिवे आणले, ते पिवळे. चादरी धुऊन येतात त्या पिवळ्या. मामी म्हणते स्वच्छ आहेत, पण तिला रंगातलं काय कळतं. मी दोनदा साबण बदलायला लावला, तेव्हापासून ती माझ्याशी मोजून मापून बोलते.

निकाल लवकर कळव. आजवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

•

२७ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पान मिळालं. पाच दिवस पाकिटात दडपून आलेलं पान, त्यावर निकाल द्यायचा म्हणजे कठीणच. पण मी ते खिडकीशी धरून बराच वेळ बघितलं.

मामा, आधी खत बंद कर. आजच. करपलेल्या कडा उपासाच्या नाहीत, अजीर्णाच्या आहेत. दीडशहाण्याने थोडं म्हटलं होतं आणि तू जेवणावळ घातलीस. आता साधं पाणी भरपूर घाल, डब्याखालच्या भोकातून वाहून जाऊ दे.

आणि माझं एक काम कर. दुकानातलं रंगांचं जुनं कार्ड तुझ्याकडे आहे, शेवटच्या वर्षीचं. भर उजेडात गॅलरीत उभा राहा, झाडावरच्या एका चांगल्या पानाला कार्ड लावून बघ आणि कुठल्या क्रमांकाशी जुळतं ते मला लिही. आठवणीने सांगायचं नाही, लावूनच बघायचं. का ते विचारू नकोस. लहानपणी मी तुला दिवसाला शंभर वेळा 'का' विचारायचे आणि तू सांगायचा नाहीस, त्याची ही परतफेड समज.

गायिकाबाई खूश आहेत. आरशात बघून आधी हसल्या, मग गायल्या. पत्राची वाट बघते. लोभ असूच दे, पण या वेळी उत्तरही असू दे.

तुझी,
मुंगी

•

६ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे भर दुपारी टोपी घालून कार्ड लावून बघितलं. पान जुळलं एकेचाळीस क्रमांकाशी, अगदी तंतोतंत. एकेचाळीस म्हणजे आमची 'कोवळी हिरवळ', ते तुला पाठ असेलच. आता गंमत ऐक. म्हणजे कार्डच पिवळं पडलं आहे! सगळे क्रमांक बघितले, सगळ्यांवर पिवळी झाक. एक क्रमांकाचा पांढराशुभ्र तर दूध घातलेल्या चहासारखा दिसतो. कंपनीने कागद हलका वापरला असणार.

दीडशहाण्याला हे सांगितलं तर तो काहीतरी भलतंच बोलायला लागला. मी फोन बंद करून ठेवला. यंत्राने यंत्रासारखं राहावं.

खत बंद केलं आहे. मामी बरी आहे. माझ्यावरचा लोभ असाच राहू दे.

तुझा मामा

•

१२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं, म्हणून उशीर झाला.

त्याच वर्षीचं, त्याच गठ्ठ्यातलं कार्ड माझ्याकडे आहे. निरोपाच्या दिवशी तूच दिलं होतंस. त्यातला एक क्रमांक आजही दुधासारखा पांढरा आहे. तुझं कार्डही तसंच असणार. तुझं पान हिरव्याशी तंतोतंत जुळलं, कारण ते हिरवंच आहे. दिवे, चादरी, पानं, कार्ड एकाच वेळी पिवळी कशी पडतील? पिवळं पडलंय ते या सगळ्यांच्या अलीकडचं काहीतरी.

मामा, डोळे तपासून घे. मला वाटतं मोतीबिंदू असेल, आणि तसा असेल तर तो काढता येतो. पण उगाच ताणलंस आणि दुसरंच काही असलं तर? मला तुझी काळजी वाटते हे मी सरळ लिहिते आहे. ज्याने मला रंग शिकवले त्याला तुझा डोळा चुकतोय असं लिहिणं मला जड जातं, पण गप्प बसणं मला जमणार नाही.

रागाव हवं तर. फक्त तपासून ये आणि मग रागाव. तुझा लोभ आहे या भरवशावरच हे लिहायचं धाडस केलं.

तुझी,
मुंगी

•

१९ मार्च

चि. मुंगी,
अनेक आशीर्वाद.

मामा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. तुझं पत्र त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दोन दिवस गॅलरीकडे फिरकले नाहीत. झाडांना पाणीसुद्धा मीच घातलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन माझ्या हाती लागला. बारीक अक्षर त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी फोनवरचं अक्षर टपोरं करून ठेवलं आहे. त्या दीडशहाण्याशी झालेलं सगळं बोलणं तिथे होतं. त्याने आठ फेब्रुवारीलाच लिहिलं होतं की तुमचं वर्णन आणि फोटो दर वेळी जुळत नाहीत, उजेडाचा किंवा पडद्याचा दोष असेल, पण एकदा डोळेही तपासून घ्यावेत. मामांनी उत्तर दिलं होतं, तू झाडांपुरतं बोल. पण त्याखाली, दोन दिवसांनी, त्यांनीच विचारलं होतं की रंग चुकायला लागले तर माणसाला स्वतःला कळतं का. आणि मग विचारलं होतं की ज्याला रंगच कळत नाहीत, त्या रंगवाल्याचं पुढे काय करायचं.

त्या यंत्राने बिचाऱ्याने चार ओळी चांगल्या लिहिल्या होत्या. पण मुंगी, हा प्रश्न माझ्या शेजारी बसून विचारायचा होता गं. बेचाळीस वर्षं त्यांच्या चहात साखर किती ते मला कळतं आणि हे कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी साबणावरून रुसून बसले होते.

मग मी रुसवाफुगवी बाजूला ठेवली आणि त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. दुसरं काही नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सव्वीस तारखेला आहे. तू निघू नकोस, मामांनी बजावलं आहे की ही काही सर्कस नाही. त्यांचं ऐक, त्यांना तेवढा तोरा राहू दे. पत्र मात्र पाठव. आमच्यावर माया आहे ती अशीच ठेव.

तुझी,
मामी

•

१४ एप्रिल

चि. मुंगीस,
अ. उ. आ. वि. वि.

डाव्या डोळ्याने लिहीत आहे. अक्षर बघ, पुन्हा माणसांत आलं. न येण्याची माझी आज्ञा तू जन्मात पहिल्यांदा पाळलीस, याचं मला कौतुकही वाटलं आणि थोडा रागही आला.

पट्टी काढली तेव्हा समोर चादर होती. मुंगे, ती पांढरी होती. मी मामीची साबणाबद्दल माफी मागितली, तर ती रडायलाच लागली. आता माझा दिवसभराचा उद्योग एकच, गॅलरीत उभं राहून एकदा हा डोळा मिटायचा, एकदा तो. डावीकडून जग धुतलेलं, उजवीकडून चहात बुडवलेलं. मामी म्हणते, समोरच्या इमारतीतल्या बायका मला वाईट चालीचा समजतील.

लिंबोणी वाचली, पण अर्धी बोडकी झाली. धडधाकट झाडाला मी आजारी ठरवून औषधांनी मारत होतो. दीडशहाण्याकडे कबुली दिली की तुझं खरं होतं. तो म्हणाला, सांगितल्याबद्दल आभार, नवी पालवी आली का? कुठे टोमणा नाही की काही नाही. मी त्याच्या जागी असतो तर आठवडाभर ऐकवलं असतं.

मग मी एका जुन्या गिऱ्हाइकाकडे, शिंपीणबाईंकडे गेलो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी त्यांच्या कामाच्या खोलीला पांढरा दिला होता, कार्डाकडे न बघता, आठवणीवर. ऑपरेशन झाल्यापासून ती भिंत डोक्यातून जात नव्हती. जाऊन बघतो तर भिंत चक्क निळसर. मला सगळं पिवळं दिसत होतं म्हणून मी निळा ओतत गेलो होतो. बाईंना म्हटलं, रंग चुकला आहे, माझ्या हाताने चुकला आहे, मी पुन्हा देतो. चाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण तुम्ही इतक्या ऐटीत भिंतीकडे बघत उभे होता की सांगवेना. त्यांच्याकडूनच कळलं की दुकानाच्या मालकांनाही माहीत होतं. शेवटची दोन वर्षं संध्याकाळी मी घरी गेलो की ते माझे डबे उघडून रंग सुधारायचे. बाईंच्या गडबडीत तेवढा एक डबा तसाच गेला.

घरी येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता, आणि त्यात डोळ्यांचा दोष नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं आणि मी कार्ड न बघण्याची मिजास करत फिरत होतो. तू एकटीनेच तोंडावर सांगितलंस. त्या दिवशी तुझा इतका राग आला होता की काय सांगू. आज वाटतं, इतकी वर्षं उलट्या डब्यावर बसवून शिकवलं ते वाया गेलं नाही.

भिंत पुढच्या आठवड्यात रंगवणार आहे. या वेळी कार्ड लावून.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सत्तावीस तारखेला आहे. पहिल्या वेळी सर्कस नाही वगैरे मी बोललो, ते खोटं होतं. त्या दिवशी बाकावर बसून मी दाराकडे बघत होतो, तू कुठून तरी उगवशील म्हणून. हे मी मामीला सांगितलेलं नाही आणि दीडशहाण्यालाही नाही, तुलाच सांगतो. मला भीती वाटते. तू ये.

लोभ असावा, पण या खेपेला तो पोस्टाने नको.

तुझा मामा