विजीच्या बंदोबस्ताबाबत

७ मे १९४६, मंगळवार. सकाळी ६.
विजी वाईला पोहोचली आहे. पाटण-सातारा मोटरचा ड्रायव्हर बादशहा याने काल संध्याकाळी खात्रीने सांगितलं. साताऱ्याला वाईच्या गाडीत त्यानेच बसवलं. म्हणजे मुक्काम माझ्या बहिणीकडे, बनुबाईकडे. वर म्हणाला, "जमादारसाहेब, पोरगी लय खुशीत हुती. मला करवंदं दिली."
ड्रायव्हर लोकांना डिसिप्लिन कळत नाही.
सोळा वर्षांची मुलगी बापाला न विचारता जाते. आणि १९ तारखेला शिरवळचे गुंडा हवालदार मुलाला घेऊन तिला बघायला येणार. माझ्या पलटणीतले. त्यांना लिहून बसलोय, मुलगी अत्यंत आज्ञाधारक आहे.
निश्चय : २४ तासांत मुलगी हजर. वाईला कडक पत्र टाकलं.

८ मे.
पत्र पोहोचायलाच दोन दिवस लागतात. मुदत वाढवली.
मी डिस्चार्ज घेऊन डिसेंबरात घरी आलो आणि या घराला प्रथमच शिस्त लागली. सकाळी साडेपाचला रोल कॉल. बायको, विजी, म्हैस. विजी म्हशीच्या वतीनेही 'हजर' म्हणायची. सुरुवातीला मला तो उत्साह वाटला.
कोणतीही गोष्ट हवी तर लेखी अर्ज, आईमार्फत. झाडावर चढायचं, अर्ज. मैत्रिणीकडे जायचं, अर्ज. दर शनिवारी गठ्ठा यायचा. मी लाल पेन्सिलीने सह्या करायचो. पलटणीत इतक्या सह्या कधी मिळाल्या नव्हत्या.

१० मे.
झोप नाही. कुठे चुकलं याचा शांतपणे विचार केला.
तीन वर्षांची असताना तिने शेजारच्या आकारामच्या बोकडाला शेंदूर फासून देव केला. तेव्हाच बडवायला हवी होती. मी क्वेट्ट्याला होतो. अकराव्या वर्षी मास्तरांची छत्री विहिरीत टाकली, कारण मास्तर मुलींना मागे बसवायचे. तेव्हा मी इजिप्तमध्ये. दोन्ही वेळा सविस्तर पत्र पाठवलं होतं.
निष्कर्ष : चूक बायकोची. राहीबाईला तसं स्पष्ट सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय. पोर वाढली हितं, आन् तुमी वाढवली पोस्टकार्डावर."
अडाणी बाई. पोस्टकार्ड नव्हतंच. बंद पाकीट असायचं.

१२ मे, रविवार. वाई.
पत्राला उत्तर नाही, म्हणून स्वतः आलो. युनिफॉर्म, पदकं, बूट. बनुबाईने आधी बूट बाहेर काढायला लावले. जमादाराला !
विजी घाटावर होती. पायरीवर आळीतल्या चार बायका बसवून त्यांच्याकडून पाटीवर नाव गिरवून घेत होती. मी खणखणीत ऑर्डर दिली, "विजयमाला, चल घरी !" ती म्हणाली, "आबा, दगडाबाईंचं निम्मं नाव ऱ्हायलंय. बसा जरा." चारही बायका पदरात हसल्या. एक भटजी तर उघड हसला.
बसलो. नाव पुरं व्हायला पाऊण तास लागला. मग जेवायला हाक आली.
शिरवळचं स्थळ मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मुलगा चांगला आसंल, आबा. मला न्हाई लगीन करायचं." बनुबाई मला म्हणाली, "लाला, अजून एक पोळी घे."

१४ मे.
परतलो. एकटा. याला माघार म्हणत नाहीत. शत्रूची जागा नक्की कळली, हे काय कमी झालं ? बनुबाईने लोणचं दिलं आहे.

१९ मे, रविवार. रात्री.
गुंडा हवालदार आले. मुलगा बरा, पण सारखा दाराकडे बघत होता. पोहे झाले, चहा झाला, माझी पदकं बघून झाली. शेवटी हवालदार म्हणाले, "गड्या, पोरगी कुटं हाय ?"
मी म्हणालो, रजेवर.
"रजा कुनी दिली ?"
बिनारजा गेली म्हटलं तर माझी शिस्त गेली. मी दिली म्हटलं तर माझं डोकं गेलं. शिस्त राखली. पाहुणे तासाभरात उठले.

२० मे.
मुलगी बिनारजा गेल्याचा पुरावा हवा, म्हणून अर्जांची फाइल काढली.
रजेचा अर्ज आहे. 'आत्याकडे वाईस जाणेबाबत.' खाली मंजूर. लाल पेन्सिल. सही माझी.
त्याच्या खाली आणखी एक कागद, मार्चमधला. 'पुण्यास मास्तरणींच्या ट्रेनिंग कॉलेजात अर्ज करणेबाबत. सोबतच्या फॉर्मवर पालकांची सही व्हावी.' मंजूर. त्या शनिवारी गठ्ठ्यात एकवीस अर्ज होते. चिंचा पाडण्याच्या अर्जावर मात्र मी दोन प्रश्न विचारले होते.
राहीबाईला विचारलं, तुझ्यामार्फत आला, तू बोलली का नाहीस ? ती म्हणाली, "आवं, तुमी सही करताना लय रुबाबात बसलेलं असता. मी कशाला मोडू ?"

४ जून, मंगळवार.
पुण्याहून कार्ड आलं. विजीला घेतली आहे. दहा तारखेला हजर व्हायचं.
पारावर सांगितलं की मुळात योजना माझीच. आकाराम म्हणाला, "मग शिरवळकरांना पव्हं कशापायी खाऊ घातलं ?" उत्तर द्यायच्या लायकीचा माणूस नव्हे.

६ जून, गुरुवार.
विजी रविवारी सामान न्यायला येणार. सकाळची मोटर. थांबणार दीड तास. मग सरळ पुणे.
मी तिच्यासाठी सूचना लिहून काढल्या. सोळा पानं झाली. राहीबाईने पानं बघितली आणि म्हणाली, "पोर दीड तास येनार हाय. तेवढा येळ गप बसून नुसतं तिच्याकडं बघा. जमत नसंल तर मळ्यात जावा."
मळ्यात जाणार नाही.
गप्प बसण्याचा सराव आजपासून सुरू केला. सगळ्यात जास्त टिकलो चार मिनिटं.
अजून दोन दिवस हातात आहेत.