जागतिक पातळीवर मी पास

सोमवार, २ जून, सकाळी ६.४०
चार्टपेपरवर पट्टीने रकाने आखत होतो. दहावीच्या गणितात तिसऱ्यांदा नापास. बाकी सर्व विषय सुटले आहेत. चिखलीत भगवानरावांच्या धर्मकाट्यावर, म्हणजे भरलेले ट्रक तोलायच्या काट्यावर, मी ट्रकवाल्यांना पुढे घ्या, मागे घ्या असा हात दाखवतो. केबिनमध्ये बसून वजनाची पावती करायची तर दहावी पास पाहिजे. आताचे बाबू जुलैत सोडून जाणार. भगवानराव म्हणाले, गणित काढ, खुर्ची तुई.
संकल्प: २७ तारखेच्या पुरवणी परीक्षेपर्यंत रोज दोन तास अभ्यास. पण आधी मुळाशी जावे. दोष माझा की अभ्यासक्रमाचा? सात देशांच्या गणिताचा तुलनात्मक तक्ता करणार. शेवटचा रकाना: मी तिथे पास झालो असतो का. चार दिवसांचे काम.

शनिवार, ७ जून
फिनलंड झाले. तिथे नववीपर्यंत देशभराची बोर्ड परीक्षाच नाही. पास. डेटा संपला, रिचार्ज मारले. आई तक्ता पाहून म्हणाली, हे फिनलंड मेहकरच्या पलीकडं हाय काय? पहिले दळण आण.

बुधवार, ११ जून
इंग्लंडमध्ये तीनपैकी दोन पेपरांना कॅल्क्युलेटर चालतो. पास. सिंगापूर वगळले. देश फार लहान, त्याला पूर्ण रकाना देणे बरोबर नाही. त्याऐवजी भूतान. माहिती मिळाली नाही. पास.
धम्मरत्न माझ्याबरोबरच नापास झालेला. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून राह्यला. म्हणाला, चाल बे, दोघं मिळून करू. त्याला समजावले की तू फक्त उत्तरे शोधतोस, मी कारणे. तो म्हणाला, मार्क कारणाले भेटते काय? दृष्टी नाही.

गुरुवार, १९ जून
तक्ता पूर्ण. सातपैकी पाच देशांत मी पास. टक्के धम्मरत्नकडून काढून घेतले: ७१.४३. म्हणजे जागतिक पातळीवर फर्स्ट क्लास.
भगवानरावांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाले, अक्षर झकास हाय गजेंद्रा, पण काटा चिखलीत हाय ना.
आठ दिवस आहेत. पुष्कळ झाले.

गुरुवार, २६ जून, दुपारी ४
उद्या गणित भाग १. पुस्तक उघडले. दोन प्रकरणे केली, म्हणजे वाचली. जपानची मुलेही घाबरत असतील.

शुक्रवार, २७ जून, दुपारी २.३०
पेपर ठीक. दोन प्रश्न पूर्ण सोडवले. उरलेल्या पानांवर परीक्षकांसाठी तक्ता आखून दिला, सातही देश. न्यूझीलंडचा शेरा लिहिताना वेळ संपला. त्याचे गुण कापू नयेत.

मंगळवार, २९ जुलै
निकाल. दोन्ही भाग मिळून मला १९. धम्मरत्नला ५४. बाबूच्या जागेच्या चौकशीला तो काट्यावर आला होता. भगवानरावांनी त्याला तिथेच खुर्चीत बसवले. तेवढ्यात खताचा ट्रक आला. मी हात दाखवला, पावती त्याने केली. आई म्हणाली, त्याले डबा देऊन ये, पहिला दिवस हाय त्याचा.
तक्त्याचा खर्च: चार्टपेपर ८०, स्केचपेन ५०, रिचार्ज २९९. एकूण ४१९. पैकी धम्मरत्नचे उसने २००, द्यायचे आहेत.
केबिनच्या खिडकीतून डायरीचे पान पाहून तो म्हणाला, ४२९ होते बे.
खोडून नीट लिहिले. फिनलंडमध्ये हे कोणी तपासले नसते.