फाटकात अडकलेली गाडी

बाळ्या,

तुझी गाडी फाटकातच स्टँडवर चढलेली आहे. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं नवं ॲल्युमिनियमचं झाकण बसवायला तेल काढलंस, तेही माझ्या पिठाच्या परातीत. मागची चाकं धरणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे आर्मचे, रबरी बुश ठोकून काढलेस आणि नवे टणक बुश हाताने बसेनात म्हणून सगळे आर्म घेऊन वर्कशॉपला गेलास. आता ती गाडी ढकलताही येत नाही, आणि तिच्यामागे माझी गाडी सामान भरून उभी. उद्या सकाळी मला परगावी नव्या नोकरीवर हजर व्हायचंय.

बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मीच त्याला म्हटलं, आजच उरकून टाक." ज्या गाडीला वर्षभर भंगार म्हणाले, तिच्यासाठी सकाळी स्वतः पाना शोधून दिला! वर मला म्हणतात, "बुश बसेपर्यंत राहा की आठवडाभर." मागच्या वेळी मी निघाले तेव्हा त्यांच्या छातीत दुखलं होतं. या वेळी मला अडवायला तुझ्या गाडीवर भागलं.

मी बसने जातेय. त्यांच्या गोळ्या फ्रिजवर आहेत, आता तू द्यायच्या. फाटकात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तुझ्या बॉनेटवरून उतरतेय. चपलेचा ठसा पुसण्याआधी बाबांना दाखव.

ताई