टॉवेलचा खरा अर्थ

खर्डा,
१६ फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप राधाकृष्णमामांच्या पायांशी भाची मनकर्णा हिचा नमस्कार. मामींच्या गुडघ्याला उतार पडला का? इकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे, फक्त घरात माझ्याशी कोणी बोलत नाही.

मॅट्रिक झाले म्हणून आपण मला इंग्रजी-मराठी शब्दकोश दिलात, त्यानेच घात केला. (दोष कोशाचा नाही, माझा आहे. कोश चांगला आहे.) रविवारी राहात्याचे पाहुणे मला पाहायला आले. चहा झाल्यावर मुलीचे वडील म्हणून दादांनी रीतीप्रमाणे मुलाच्या चुलत्यांचा, आबासाहेबांचा, टॉवेल-टोपी देऊन मान केला. टोपी जरा लहान पडली, पण टॉवेल खांद्यावर शोभत होता. खूश होऊन त्यांनी विचारलं, "लई शिकलीस म्हनं. सांग बरं, टॉवेल म्हंजी काय?" आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. चुकले असते तर सगळ्यांचीच मान खाली गेली असती. म्हणून अंदाजानं न सांगता मी कोश आणला आणि वाचून दाखवलं: अंघोळीनंतर ओलं अंग पुसण्याचं फडकं. हा शब्द इंग्रजांबरोबर आला, त्याआधी आपण पंचा म्हणायचो, हेही सांगितलं. (ते त्यांनी विचारलं नव्हतं.)

आबासाहेबांनी आधी खांद्याकडे पाहिलं, मग दादांकडे. "म्हंजी भर बैठकीत आमाला अंग पुसायचं फडकं दिलं व्हय?" दादा म्हणाले, "न्हाई हो पाव्हणं, पोरगी चुकली." तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण कोशात स्पष्ट छापलेलं असताना चुकलं कसं म्हणू? मी पान त्यांच्यापुढं धरलं. पाहुणे तडक उठून गेले. (टॉवेल खांद्यावरच होता.)

स्थळ गेलं त्याचं मला एवढं नाही. पण दादा म्हणतात, एक शिकवली तेवढी बास झाली. येत्या सोमवारी ते चांगुणाचं नाव शाळेतून काढणार आहेत. ती सातवीत आहे, सहामाहीला पहिली आली, आणि आता थोरल्या बहिणीपायी घरी बसणार. ती नुसती दप्तर आवरून ठेवते. मला तिच्याकडे बघवत नाही.

आपली,
मनकर्णा

ता. क. : सोमवारच्या आत राहुरीहून निघून या. दादा फक्त तुमचं ऐकतात. येताना त्यांच्या मानासाठी टॉवेल-टोपी आणा. मी टॉवेलविषयी चकार शब्द काढणार नाही.

दुसरा ता. क. : वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. कोणी विचारलं तर मला सांगावंच लागेल. टॉवेल नको, धोतर आणा. (धोतर कोशात नाही. मी पाहिलं.)